चार पन्नासची गाडी

"गोडांबेबाई, ही तुटक रेघ कशाची?"

कुलथे साहेबांनी पेन्सिलचं टोक माझ्या तक्त्यावर टेकवलं होतं. अख्खं टेबल व्यापून खाली लोंबणारा तो तक्ता मी दर सहा महिन्यांनी नव्याने काढत असे. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला थांबे आणि प्रत्येक बसची एक तिरकी रेघ. शहरातली कुठली बस कुठल्या मिनिटाला कुठे असेल, ते मी रेघेवर बोट ठेवून सांगू शकत असे. प्रवासी घेऊन जाणारी फेरी सलग रेघेने काढायची आणि रिकामी फेरी तुटक रेघेने, अशी आमच्या विभागाची पद्धत होती.

"रिकामी फेरी आहे, साहेब," मी म्हणाले. "हिरवेमळा डेपोतून चार पन्नासला निघते, मंडईला पाच पंचवीसला पोचते. तिथून तिची पहिली फेरी सुरू होते."

"म्हणजे प्रवासी नाहीत."

"नाहीत."

"मग हिचा प्रश्न मिटला." त्यांनी तुटक रेघेवर लाल फुली मारली. "डेपोच राहणार नाही तर डेपोतून निघणारी गाडी कसली?"

मेट्रोचा पहिला टप्पा तीन महिन्यांत सुरू होणार होता. हिरवेमळ्याच्या डेपोची जागा मेट्रोच्या कारशेडला द्यायचं ठरलं होतं आणि तिथल्या साठ बस शहराच्या दुसऱ्या टोकाला, टोलनाक्याजवळच्या नव्या डेपोत जाणार होत्या. कुलथे साहेब वाहतूक विभागाचे प्रमुख, वय चाळिशीच्या आतबाहेर, माणूस सरळ. मेट्रोला समांतर धावणाऱ्या बस काढायच्या आणि ज्या नव्या वस्त्यांत आजवर एकही बस गेली नाही तिथे त्या न्यायच्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मला पटतही होतं. मीही तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि जाता जाता एक चांगलं वेळापत्रक करून जावं, असं मनात होतं.

तरी ती लाल फुली मला पटेना. कारण ती फेरी रिकामी नव्हती. बावीस वर्षांत मी गेले त्या एकाही पहाटे रिकामी नव्हती, आणि हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं.

वेळापत्रक विभागात बदली होऊन मला महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. प्रत्येक फेरीत बसून, हातात घड्याळ धरून, थांब्याथांब्याची वेळ नोंदवायची असे. त्या तपासणीसाठी मी चालक-वाहकांना घरून गोळा करणाऱ्या गाडीने पहाटे हिरवेमळ्याला गेले आणि चार पन्नासच्या बसमध्ये चढले, तर आत तीस-पस्तीस बायका. डेपोभोवतीच्या मळ्यांत त्या पालेभाजी करत. संध्याकाळी मेथी, शेपू, चाकवत काढायचा, जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या आणि पहाटे मंडईत नेऊन घाऊक गिऱ्हाइकाला विकायच्या. सहा वाजले की घाऊक गिऱ्हाईक उठून जातं. मग ती भाजी दारोदार फिरवावी लागते.

बस मंडईकडे जातच होती. त्या चढत होत्या. मागच्या दाराने बाचकी आत घ्यायची, पुढच्या चार बाकांना हात लावायचा नाही, आणि मंडईच्या अलीकडच्या वळणावर सगळ्यांनी फडकी काढून बसची जमीन पुसून घ्यायची. पुढे बस पहिली फेरी म्हणून उभी राही तेव्हा मेथीचं एक पानही सापडत नसे. पहाटे तपासनिसांची पांढरी जीप कधीमधी येई. ती लांबून दिसली की डेपोच्या फाटकाशी उभी असलेली बाई तिथल्या लोखंडी खांबावर दगड वाजवी. मग सगळ्या बाचक्यांसकट मळ्यात नाहीशा होत.

मी सगळं पाहिलं. चालक म्हणाला, "बाई, काय लिहायचं ते लिहा."

नोंदीच्या कागदावर शेवटचा रकाना होता, प्रवासी संख्या. मी तिथे लिहिलं, निरंक. खाली सही केली. आपण मोठी माणुसकी केली, असं मला वाटलं. त्यानंतर दर सहा महिन्यांनी मी त्या गाडीने गेले आणि दर वेळी तोच शब्द लिहिला. चालक बदलले, बायकांच्या जागी काहींच्या सुना आल्या, माझा चष्मा दोनदा बदलला. मला निघताना कुणीतरी एक जुडी द्यायचं, आणि ती मी घ्यायचे.

फुली मारल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कर्मचाऱ्यांच्या गाडीने हिरवेमळ्याला गेले. चालक लोखंडे फाटकाशी चहा पीत होता. नऊ वर्षं ही गाडी तोच नेत होता.

"कळलं बाई," मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला. "आम्हाला टोलनाक्याला जायचंय. यांना मी सांगितलं नाही. माझ्याच्यानं सांगवेना. भामाबाईची जीभ तुम्हाला ठाऊक आहे."

भामाबाई कडाळे दोन बाचक्यांवर हात टेकून उभी होती. साठीची, काटक. तिला आधीच कळलं होतं.

"मेट्रोवाल्यांनी आमच्याकडं कागद वाटलाय," ती म्हणाली. "त्यात एक पोरगी बसलीया, मांडीवर एवढीशी पर्स. हसतीया. तिच्या मांडीवर माझं बाचकं ठिवा म्हणावं, आन् मग काढा फोटू."

बायका हसल्या.

"विचारलंत का तिथे जाऊन?" मी म्हणाले.

"गेलो हुतो तिघी. पहिली मेट्रो सहाला. आन् वल्लं गोणपाट चालत न्हाई. तिथला शिपाई चांगला हुता बिचारा, म्हनला मावशी, पिशवी असंल तर या. चाळीस जुड्या पिशवीत घालून दावा म्हनलं."

"टेम्पो?"

"टेम्पोवाला पंधरा बाचक्यांबिगर हलत न्हाई. आन् आम्ही कुणी कधी येतो, कुणी कधी. कुणाचं मूल आजारी, कुणाचं पानी आलेलं नसतं." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, गाड्या तुम्हीच लिवता ना?"

"हो."

"मग आमचं काय लिवलंय त्यात?"

लोखंडेने चहाचा पेला उगीचच पुन्हा विसळला.

"न्हाई, लिवलं असंल तर साहेबाला दावा, एवढंच म्हन्ते मी," भामाबाई म्हणाली. "इतकी वर्षं आम्ही गाडीत बसलोय. कुठंतरी असंलच की."

परतताना मी लोखंडेच्या मागच्या बाकावर बसले. वळणाशी बायका फडक्यांनी जमीन पुसू लागल्या, तेव्हा मी त्याला म्हणाले, "लोखंडे, मी साहेबांना सांगणार आहे. सगळं."

त्याने आरशात पाहिलं. "माझं नाव येईल."

"येईल."

"दोन वर्षं राहिलीत बाई माझी." पुढचे दोन चौक त्याने गाडी सावकाश नेली. मग म्हणाला, "लिहू नका असं मी म्हणत नाही. पण पहिल्या ओळीत नका लिहू."

त्याच दुपारी मी कुलथे साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. सांगून झाल्यावर त्यांनी समोरची फाईल मिटली.

"बाई, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू या," ते म्हणाले. "तीन महिने उरलेत. नीट निवृत्त व्हा. त्या बायकांचं मी बघतो."

"साहेब, या इमारतीत 'बघतो' म्हणजे काय, ते मला माहीत आहे."

ते थोडे दुखावले. "मग तुम्हीच सांगा मी काय करू. परिवहन मंडळापुढे प्रत्येक फेरीसाठी प्रवासी संख्या ठेवावी लागते. तिकडे शिवगंगानगरमध्ये आठ हजार माणसं राहतात, एक बस जात नाही. ते लोक मोर्चे घेऊन येतात, सह्या घेऊन येतात. आणि तुमच्या फेरीची संख्या काय? निरंक. कोणी लिहिलं? तुम्ही."

"म्हणून तर मीच लेखी देते. माझे चव्वेचाळीस अहवाल खोटे आहेत म्हणून."

"चव्वेचाळीस?"

"वर्षाला दोन."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "चौकशी लागेल. पेन्शनचं काय होईल ते मला सांगता येणार नाही. घरी विचारलंत?"

"घरी सांगेन. विचारायचं काही नाही त्यात."

"बरं, हे झालं. बस कुठून आणू? टोलनाक्याहून निघून चार पन्नासला हिरवेमळ्याला पोचायचं तर चालकाची ड्यूटी चारला सुरू होणार. चारला सुरू झाली तर लवकर संपणार. म्हणजे त्या ड्यूटीच्या शेवटच्या दोन फेऱ्या गेल्या. कुणाच्या काढू? मेट्रो आली म्हणून आधीच लोक चिडलेत. बसा, हा तुमचा तक्ता आणि ही पेन्सिल."

मी तक्ता पसरला. खरं तर घरून निघतानाच मला रेघ ठाऊक होती. मी बोट ठेवलं ते नवजीवन कॉलनीच्या अकरा चाळीस आणि साडेबाराच्या फेऱ्यांवर.

"तुम्ही इथेच राहता ना?" कुलथे साहेब म्हणाले.

"हो. या दोन फेऱ्या मीच मागून घेतल्या होत्या, बारा वर्षांपूर्वी. कॉलनीच्या सह्या गोळा करून. आता आमच्या फाटकापासून मेट्रोचं स्टेशन सात मिनिटांवर होतंय. आमच्या हातात पिशव्या असतात, बाचकी नसतात. ज्यांना मेट्रोत शिरता येतं त्यांची बस काढा. ज्यांना येत नाही त्यांची ठेवा."

ते उठून खिडकीशी गेले. "आकडा मी स्वतः मोजणार. परवा पहाटे. आणि तुम्ही कुणालाही सांगायचं नाही. लोखंडेला नाही, बायकांना नाही. नाहीतर माणसं जमवून उभी केली, असं मंडळ म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल."

"नाही सांगणार."

त्या रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं. हे शाळेतून निवृत्त झालेले. रोज सकाळी वाचनालयात जायचे आणि साडेबाराच्या गाडीने परत यायचे. उजवा गुडघा कामातून गेलेला.

"माझी साडेबाराची काढलीस?" हे म्हणाले.

"हो."

"शहरात दुसरी कुणाची सापडली नाही?"

"सापडली असती. पण त्यांना स्टेशन जवळ नाही. आपल्याला आहे."

"आणि गुडघा?"

"लिफ्ट आहे."

ह्यांनी ताटातला भात संपवला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्तमानपत्राआडून आवाज आला, "लिफ्ट नक्की आहे ना?"

ठरल्या पहाटे साहेब मला न्यायला आले. वाटेत ते शिवगंगानगरबद्दल बोलत होते आणि मी ऐकत होते. हिरवेमळ्याचं वळण आलं आणि पुढे कुठेतरी लोखंडावर दगड आपटल्याचा आवाज झाला. तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा.

तेव्हा मला कळलं, आपण कशात बसून आलो आहोत ते. बावीस वर्षं मी कर्मचाऱ्यांच्या गाडीने इथे आले. आज पहिल्यांदा पांढऱ्या जीपमधून आले होते.

फाटकाशी एकही बाई नव्हती. लोखंडे बस सुरू करून बसला होता. आम्हाला बघून तो खाली उतरला आणि सावधान उभा राहिला. साहेबांनी बसमध्ये चढून पुढून मागपर्यंत चालून पाहिलं.

"बाई," ते खाली येऊन म्हणाले, "रिकामी आहे."

"लपल्यात साहेब. जीप बघून लपल्यात."

"मला दिसतंय ते मी लिहिणार. तपासणीचा नियमच तो." त्यांनी घड्याळ पाहिलं. "चार पन्नासला दोन मिनिटं आहेत."

मी कुंपणाच्या बाजूने मळ्याकडे गेले. अंधारात शेपूचा वास येत होता. ओळखीचा एकही आवाज नव्हता, एवढी माणसं श्वास रोखून बसली होती.

"भामाबाई," मी हाक मारली. "बाहेर या."

काही हाललं नाही.

"अहो, मी गोडांबेबाई. मीच साहेबांना आणलंय."

वांग्यांच्या मागून दबलेला आवाज आला. "बाई, जावा तुम्ही. तुमची नोकरी जाईल. आम्ही काई तुमचं नाव सांगितल्यालं न्हाई."

"मीच सांगितलंय. लिहून दिलंय."

"काय लिवून दिलंय?"

"की मी खोटं लिहीत आले. की तुम्ही रोज या गाडीत असता."

मग भामाबाई बाचक्यासकट उभी राहिली, पण जागची हलली नाही. "आन् लोखंडे? त्येला लेकरं हायती."

"त्यालाही माहीत आहे."

"त्यो काय म्हनला?"

"म्हणाला, पहिल्या ओळीत लिहू नका."

मळ्यात कुणीतरी खुदकन हसलं. पण बाहेर कुणी येईना. मागे साहेबांनी लोखंडेला काहीतरी विचारल्याचा आवाज आला आणि बसचं पुढचं दार बंद झालं.

मला एवढा राग आयुष्यात क्वचित आला असेल. त्या बायकांचा नाही. "ऐका," मी म्हणाले, "आज तुम्ही मला वाचवायला लपलात, तर साहेब लिहितील की गाडीत कुणी नव्हतं. मग दोन महिन्यांनी ही गाडी बंद होईल आणि बरोबरच होईल, कारण जिथे कुणी बसत नाही ती गाडी कशाला ठेवायची? तुम्हाला मी बावीस वर्षं लपवलं. मला वाटलं, मी तुम्हाला सांभाळते आहे. आता मला लपवायचं नाही. उचला बाचकी."

भामाबाईने बाचकं डोक्यावर घेतलं. वाफ्यातून सरळ चालत फाटकाशी गेली आणि बसच्या बंद दारावर थाप मारली.

"उघड रं लोखंड्या."

मग एकेक उभी राहिली. साहेब दिवा धरून मागच्या दाराशी उभे होते आणि मोठ्याने मोजत होते. बायका त्यांच्याकडे न बघता चढत होत्या. एकेचाळीस झाल्या. बस चार सत्तावन्नला निघाली. हिरवेमळ्याहून ती सात मिनिटं उशिरा निघाल्याची माझ्या नोंदीतली ती एकच वेळ.

मंडईच्या अलीकडच्या वळणावर बायकांनी सवयीने फडकी काढली. साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? मी सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या म्हणावं." पण कुणी ऐकलं नाही.

फेरी मंजूर झाली, सामानाच्या तिकिटासकट. मला लेखी ठपका मिळाला आणि शेवटची वेतनवाढ रोखली गेली. लोखंडेला ताकीद मिळाली. निरोपसमारंभ होणार नाही, हे मला शिपायाकडून कळलं. नवजीवन कॉलनीत ही गोष्ट पसरायला आठवडा लागला. समोरच्या दातारबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं ते दोन वर्षं. मेट्रो सुरू झाली तेव्हा हे पहिल्याच दिवशी लिफ्टने वर गेले. दुसऱ्या दिवशीही गेले.

मळ्यातल्या सगळ्या बायका खूश होत्या असंही नाही. आता वाहक तिकीट मागत होता. "फुकटचं हुतं ते बाईनं घालवलं," असं एकीने मंडईत सर्वांसमोर म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

मग माझा शेवटचा आठवडा आला. सोमवारी दहा वाजता मी टेबलाचे खण रिकामे करत होते. जिन्यात गलका झाला. आमच्या मजल्यावर सहसा बाहेरचं कुणी येत नसे. शिपाई "अहो मावशी, थांबा, पास काढा" म्हणत मागे येत होता, आणि त्याच्यापुढे भामाबाई आणि तिच्यामागे पंचवीस-तीस बायका. काहींच्या डोक्यावर न विकलेली बाचकी तशीच. जिन्यावर पाणी ठिबकत होतं.

तशी ती बस पूर्वीही कधी कधी येत नसे. बिघडायची, चालक आजारी पडायचा. त्या दिवशी या बायका अंधारात नऊ किलोमीटर चालत जायच्या, नाहीतर परत फिरायच्या. कुणाला विचारायचं, हा प्रश्नच नव्हता. मला हे नंतर कधीतरी जुडी देताना सांगायच्या, पाऊस पडला म्हणून सांगावं तसं.

भामाबाई माझ्या टेबलाशी आली. तिच्या हातात आदल्या दिवसाचं तिकीट होतं. त्यावरच्या वेळेखाली नखाने रेघ ओढलेली.

"आज चार पन्नासची गाडी आली न्हाई," ती म्हणाली. आवाज ऑफिसभर जाईल असा. "आम्ही सव्वापाचपोतर हुबं हुतो. कुणाला विचारायचं?"

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं माझ्याकडे बघत होती. मी खुर्चीवरून उठले नाही. कुलथे साहेबांच्या केबिनकडे बोट केलं.

"ते दार. वाजवायचं नाही, सरळ आत जायचं. आणि सगळ्याजणी जा."